थंड दुधाचा करपट वास

भुताखेतांचे अनुभव वाचून मी कायम हसत आलेय. डेअरी टेक्नॉलॉजी शिकलेली बाई मी, आमच्याकडे जे घडतं ते मीटरवर दिसतं! तरीही आज लिहितेय...

भोपाळला मिसरोदमध्ये राहते आणि मंडीदीपकडच्या एका डेअरीत शिफ्ट इंजिनिअर आहे. आमच्याकडे दूध आटवतात ते मेंब्रेनवर. पंप थंडगार दूध अतिसूक्ष्म पडद्यावर जोराने ढकलतो. पाणी पलीकडे जातं, घट्ट दूध अलीकडे राहतं. कुठेही आच नाही. आमच्या नागपूरकर आईला हे कधी पटलंच नाही. "विस्तव नाही, ढवळणं नाही, अन् म्हणे दूध आटलं! काहीतरीच सांगते तू," म्हणायची. तिची स्वतःची बासुंदी मात्र हमखास तळाला लागायची. भोपाळमधल्याच तुलसी नगरच्या आमच्या जुन्या क्वार्टरभर तो करपट वास... आणि पाठोपाठ तिची हाक - "आधी गॅस बंद कर, मग पाह्य काय झालं ते!"

गेल्या थंडीत आई गेली.

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, मेंब्रेनच्या नळीच्या तोंडाशी दूध ठिबकताना दिसलं. आमचे ऑपरेटर दुबेजी पाना घेऊन वाकले. प्लांट थांबवला की सगळी लाइन धुवून पुन्हा सुरू करावी लागते, म्हणून चालू प्रेशरवरच नळीच्या झाकणाचा क्लॅम्प कसायची आमच्याकडे सगळ्यांनाच खोड. "दो मिनट का काम है, मैडम." मीही मान डोलावली.

आणि तो वास आला. दूध लागल्याचा... अगदी आईच्या पातेल्यातला! विचार करायच्या आत माझा हात गॅसकडे जावा तसा गेला आणि स्टॉपचं लाल बटण दाबलं गेलं.

"अरे, बंद क्यों कर दिया?" दुबेजी वैतागले. प्रेशर उतरलं. त्यांनी क्लॅम्पला पाना लावला, तर क्लॅम्पच तुकडे होऊन खाली पडला. चालू प्रेशरवर तुटला असता तर नळीचं झाकण सरळ त्यांच्या तोंडावर आलं असतं. दुबेजींनी तुकडे उचलून पाहिले. "अगले महीने बिटिया की शादी है," एवढंच बोलले.

वास दुसऱ्या कुणालाच आला नव्हता. मीटर पाहिला, दूध थंडच होतं. थंड दूध करपत नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन.

लग्नाला मी बासुंदी करून नेली. तीही तळाला लागलीच, शेवटी लेक कुणाची! दुबेजींना मी वासाचं काहीच सांगितलं नव्हतं. "मैडम, थोड़ी जल गई है," ते हसून म्हणाले, आणि वाटी पुन्हा पुढे केली.

आई, दूध विस्तवाशिवायही आटतं गं. पण त्या दिवशी करपलं कसं, ते तूच जाणे... थँक्यू.