न उघडलेला दोर

भाऊ मेळघाटात वाट चुकून तहानेनं गेला, तेव्हापासून बडनेऱ्याच्या प्रियदर्शनी वानखडेनं हे काम धरलं. संकटात जीव वाचवणाऱ्या वस्तूंचा एक डबा ती दर महिन्याला वर्गणीदारांना पाठवायची. कधी दोर, कधी शिट्टी, कधी पाणी गाळायची नळी. अकोला-अमरावतीकडचे हौशी लोक तिच्या ग्रुपवर जमले. डबा आला की फोटो टाकायचे, एकमेकांची वाहवा करायचे. एकट्या पडलेल्या प्रियदर्शनीला ती माणसं घरचीच वाटू लागली.

यंदा तेल्हाऱ्याजवळ नाल्याला पूर आला आणि तिथल्या ललित तायड्यांचा शेजारी वाहून गेला. ललित जुने वर्गणीदार. प्रियदर्शनी भेटायला गेली, तर ते मान वर करेनात.

"बाभळीले धरून होता तो. मी दोर घेऊन धावलो, ताई. पण मले फेकताच आला नाही. गुंता झाला."

"आधी कधी फेकून पाह्यला नव्हता?"

"डबा उघडलाच नव्हता. सील तोडलं का संग्रहाची शान जाते ना."

घरी येऊन प्रियदर्शनीनं ग्रुपवर लिहिलं, 'यापुढं डबा घरपोच येणार नाही. बडनेऱ्याच्या तळ्यावर या, उघडा, वापरून पाहा.' निम्म्याहून जास्त लोक ग्रुप सोडून गेले.

रविवारी तळ्यावर मोजकीच माणसं आली. ललितसोबत त्या शेजाऱ्याची बायको, सत्यभामाबाई होती. ती सरळ प्रियदर्शनीपुढं येऊन उभी राहिली.

"मले शिकव," ती म्हणाली.