मामांचा निवडुंग आणि पाकीटबंद हातमोजे

मामांच्या निवडुंगाला मी सलग एकोणीस दिवस पाणी पाजलं. रोज सकाळी, तांब्याभर, अगदी मन लावून. मामा-मामी लेकीकडे गेले होते आणि जाताना मामांनी कुंड्यांसाठी सूचनांचा कागद ठेवला होता. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, सर्व कुंड्यांना रोज एक तांब्या. निवडुंगाला मात्र थेंबही नको, हे मागच्या बाजूला होतं. कागद वाया जाऊ नये म्हणून पाठपोट लिहायचं ही मामांची रीत. कागद उलटून बघायचा नाही ही माझी.

मामा पंपांच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम निष्ठेनं केलं: मागेल त्याला वस्तू न देणं. जुना झिजलेला नट दाखवल्याशिवाय त्यांनी कुणाला नवा नट दिला नाही. मालक म्हणायचे, यांच्यामुळे बचत होते. कामगार म्हणायचे, यांच्यामुळे मशीन बंद पडतं. दोघांचंही खरं होतं. निवृत्तीनंतर मामांनी तेच दुकान घरात मांडलं. आमच्याकडे साबणाची नवी वडी जुन्या वडीची पापडासारखी चकती दाखवल्यावरच मिळते. नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आलो, त्या दिवशी टॉवेल मिळायला मला दुपार झाली.

अशा माणसानं कारखान्यातून स्वतःहून घरी आणलेली एकमेव गोष्ट म्हणजे हा निवडुंग. साहेबांच्या खोलीतून टाकून दिलेला, तेव्हा मुठीएवढा. तोही कागदावर ‘निकामी माल’ असा शिक्का मारून घेऊनच आणला. बावीस वर्षांत तो मामांच्या डोक्याच्याही वर गेला. बोटभर लांब काटे, आणि जाताना-येताना प्रत्येकाला ओरबाडायची खोड. लेकीचा वाढदिवस विसरणारा हा गृहस्थ दर सहा महिन्यांनी निवडुंगाची उंची गॅलरीच्या भिंतीवर पेन्सिलनं नोंदवतो.

परत आल्यावर मामांनी चमच्याच्या दांड्यानं त्याचं बूड दाबून पाहिलं. दांडा आत रुतला. मी शिव्या खायच्या तयारीत उभा होतो, पण ते ओरडले नाहीत.

“मुळं सगळी कुजली असतील तर गेला तो,” एवढंच म्हणाले आणि रात्री ताटावरून अर्धवट उठले. ताटात काही टाकलेलं मी या घरात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सकाळी त्याला कुंडीतून काढायचं ठरलं. आधी अर्थातच भाषण झालं. सुरक्षितता, शिस्त, योग्य साधन. योग्य साधन घरात होतंही: कोपरापर्यंत येणारे जाड चामड्याचे हातमोजे, निवृत्तीच्या दिवशी मिळालेले, अकरा वर्षं पाकीटबंद. पण वापरले की ते जुने होणार. म्हणून मामांनी मामीचे लोकरीचे मोजे हातांत चढवले आणि चोरी करताना सापडलेल्या कामगाराची गचांडी धरावी तसा निवडुंग दोन्ही हातांनी आवळला.

लोकर काट्यांत अडकली. मोजे निवडुंगाला चिकटले आणि मोज्यांच्या आत मामा. ओढावं तर काटे आणखी खोल जात होते. मी कुंडी धरून उभा होतो, म्हणजे नेहमीसारखाच निरुपयोगी.

“हलू नका,” मामी दारातून म्हणाली.

मामी काचेच्या शोभेच्या दिव्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. कामावर निघालेली ती चप्पल काढून परत आली, फोनवर अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कात्रीनं मोजे उभे चिरले आणि मामांना खुर्चीत बसवून चिमट्यानं काटे काढायला लागली. एकेचाळीस निघाले. मोजले मामांनीच, सवय जात नाही. एक नखाखाली शिरलेला होता. तो निघताना मामा कळवळून म्हणाले, “तुझा अर्धा दिवस मी भरून देतो. एका रविवारी स्वयंपाकघर माझ्याकडे.” नखाखाली काटा असताना माणूस राज्यही देऊन टाकतो.

“चौतीस वर्षं लोकांना हातमोजे घाला म्हणून सांगितलंत,” मामी म्हणाली. “आता गप बसून बघा.”

तिनं हातमोज्यांचं ते पाकीट दातांनी फाडलं आणि ते चढवले. मामांनी डोळे मिटून घेतले. मग जुन्या गादीतल्या फोमच्या पट्ट्या तिनं निवडुंगाला बुडापासून शेंड्यापर्यंत गुंडाळल्या, वर चादरीच्या पट्ट्या बांधल्या आणि धरायला दोन लांब टोकं सोडली. माणसाएवढे दिवे ती रोज असेच बांधते. मी आणि मामीनं टोकं धरून निवडुंग वर्तमानपत्रांवर आडवा केला. हातोडीनं कुंडी फोडली. चिखल झटकला. काळी, पिचपिचीत मुळं आणि बुडाचा कुजका भाग ती स्पिरिट लावलेल्या सुरीनं कापत गेली, पांढरा गर लागेपर्यंत. प्रत्येक कापाला मामा खुर्चीत आखडत होते. शेवटी एका बाजूला चार मुळं धड निघाली.

“चार पुरतील?” मामांनी विचारलं. हा माणूस कुणाला काही विचारतो, हेच नवल.

“बघू. जखम सुकेपर्यंत मातीत घालायचा नाही.”

आठवडाभर तो सावलीत आडवा पडला होता आणि शेजारी खुर्ची टाकून मामा. मग मामांनी ऐसपैस कुंडी सुचवली, एकदाच काय ते काम. मोठ्या कुंडीत ओल जास्त राहते, म्हणून मामीनं जेमतेम मावेल अशी मातीची कुंडी घेतली. जाड वाळू, विटांचे तुकडे, थोडी माती, सगळं कोरडं. तीन काठ्यांचा आधार दिला आणि पंधरा दिवस पाणी बंद. ही ताकीद माझ्याकडे बघून होती.

दोन महिन्यांनी शेंड्यावर कोवळा पोपटी रंग दिसला. मामांनी भिंतीवर नवी रेघ मारली. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ते निवडुंगाची कुंडी कशी बदलावी हे समजावून सांगतात. त्यात फोम असतो, चादर असते, हातोडी असते, मामी नसते.

कबूल केलेला रविवार मात्र निघत नव्हता. एकदा बोटं दुखत होती, एकदा शेंड्यावर लक्ष ठेवायचं होतं. गेल्या रविवारी ते खरोखरच स्वयंपाकघरात शिरले. खण उघडला, चमचे मोजले, दोन कमी भरले. चौकशी दुपारपर्यंत चालली. स्वयंपाक मामीनंच केला.

तिचा अर्धा दिवस अजून थकलेला आहे.