सायबीण टोनीच्या दारात

कॉन्स्टान्सियोकाका आमच्या वाडीतले सुतार. दारं, खिडक्या, हंगामात आंब्याच्या पेट्या. ख्रिस्ती घरात कोणी गेलं, तर शवपेटी. माझं एम.ए. झाल्यापासून ते मला पंडित म्हणतात.

नाताळनंतर एका सकाळी रंधा मारता मारता ते म्हणाले, "काय रे पंडिता, फादरान सांगल्यान, नव्या वर्साक एकच संकल्प करा. ल्हानसो. पण पाळा."

"मग? दारू सोडणार?"

"तिनाच माका सोडल्यान." ते हसले. मग रंधा थांबला. "टोनीक खरां सांगतलंय."

टोनी त्यांचा धाकटा भाऊ, शेजारच्याच घरात राहणारा. सात वर्षांपूर्वी आई वारली, तेव्हा तो कुवेतला होता. काकांनी फोनवर सांगितलं, "शीतपेटी खंयच गावाक नाय. थांबाक येवचां नाय." दुसऱ्या दिवशी दफन झालं. टोनी पोचला तेव्हा माती ओलीच होती. आईचं तोंड आपण पाहिलं नाही, हा दोष त्याने स्वतःवर घेतला. नोकरी सोडली. परत गेलाच नाही.

खरं असं, की काकांनी देह टिकवायच्या शीतपेटीची चौकशीच केली नव्हती. चार वर्षं न आलेल्या भावावरचा राग होता. शवपेटीचं झाकण त्यांनी स्वतः ठोकलं.

"सांगू मां?" त्यांनी विचारलं.

"सांगा," मी म्हणालो. मला ते सोपं वाटलं.

आमच्याकडे सायबीण, म्हणजे मारियेची मूर्ती, रोज एका घरी वस्तीला असते. दुसऱ्या संध्याकाळी यजमान ती शेजारच्या घरी पोचवतो. सगळी वाडी मेणबत्त्या घेऊन मागून गात जाते. एक जानेवारीला ती काकांकडून टोनीकडे जायची होती.

टोनी इस्त्रीचा सदरा घालून उंबऱ्यावर उभा होता. काकांनी मूर्ती त्याच्या हातांत दिली. गाणं संपलं. आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी सांगून टाकलं. खोटं बरोबर घेऊन सायबिणीला भावाच्या घरात पाठवायचं नाही, असं त्यांनी मनात धरलं होतं. हे मला नंतर कळलं.

टोनीला मूर्ती खाली ठेवता येईना. दार लावता येईना. सायबिणीबरोबर आलेल्याला कोणी परत पाठवत नाही. मेण माझ्या बोटांवर ओघळलं.

"आत येवा सगळी," टोनी म्हणाला.

प्रार्थना झाली. रिवाजाप्रमाणे त्याने उकडलेले चणे वाटले. काकांच्या हातावरही ठेवले. मग विचारलं, "एकट्याक सांगूक काय झालां होतां?"

"धीर जालो नाय रे."

"आणि ह्या सगळ्यांसमोर जालो?"

काकांनी चणे खिशात टाकले.

"तुका हलकां वाटूक व्हयां होतां. माझ्या सात वर्सांचां मी काय करू, तां सांग."

पलीकडच्या घरातली अँजेला म्हणाली, "टोनी, वर्साचो पयलो दीस रे."

"माका ठावक आसा."

दुसऱ्या संध्याकाळी टोनीने सायबीण अँजेलाकडे नेली. काका रांगेत सगळ्यात शेवटी चालले. टोनीने मागे पाहिलं नाही.

परतताना काकांनी माझा दंड धरला. "संकल्प पाळलंय मां, पंडिता?"

मी हो म्हणालो. दोन तारीख होती. उरलेलं सगळं वर्ष दोघा भावांना त्या दोन घरांत, एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना काढायचं होतं.