घरीच सोडतो म्हणाला होता यशवंत

माझ्या भावजयीचा, कमलचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर गहू निवडत बसले होते. "आक्का, तुमचा भाऊ गेला," एवढंच ती म्हणाली. सकाळचा चहा घेऊन पेपर वाचायला बसलेला यशवंत खुर्चीतच मान टाकून गेला होता. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टरांनी सांगितलं. लातूरहून नांदेडला जाताना गाडीत मात्र माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता : पुन्हा सुरू तर केली नव्हती ना? कित्येक वर्षं त्यानं दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता, हे सगळ्या नात्यागोत्याला माहीत होतं. तरी पाठच्या भावाच्या मातीला निघालेल्या बहिणीच्या मनात हाच प्रश्न आला. आमच्या दोघांमध्ये काय उरलं होतं, ते यावरून कळावं. त्याला जाऊन आता महिना होऊन गेला. राग विझला की लिहीन असं म्हणत होते. तो विझत नाही, म्हणून तसाच घेऊन लिहिते आहे.

आम्ही भोकरचे. वडील दुसऱ्यांच्या रानात राबायचे, पण आम्हा दोघांनी शिकायचं यावर अडून बसलेले असायचे. बाबासाहेबांच्या फोटोखाली एकच कंदील, त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला यशवंत. मी डी.एड. करून लातूरला शिक्षिका झाले आणि तो मोजणीदार झाला. जमीन मोजायला तो बांधावर उभा राहिला, की पिढ्यान्‌पिढ्या भांडणारे भाऊबंदही गप्प व्हायचे. "यशवंतरावानं खुटी ठोकली ना, मग ती तिथंच," असं म्हणत लोक. त्याच्या शब्दाला केवढं वजन होतं... हे मुद्दाम सांगते, कारण पुढं मी त्याच शब्दावर विसंबले.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा नवी कार्यालयं उघडली आणि त्याची बदली आमच्याकडं झाली. कमल भोकरच्या दवाखान्यात नर्स होती, ती तिकडंच राहिली. यशवंत लातुरात खोली करून एकटा राहू लागला. त्यात दुष्काळ पडला. नालाबंडिंगच्या, तलावांच्या कामांसाठी रोज कुठं ना कुठं मोजणी असायची. दिवसभर जळकोटच्या उघड्या माळावर उन्हात उभं राहायचं आणि संध्याकाळी कुणीतरी आग्रहानं बसवून घ्यायचं. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग कुणी बसवायची गरजच उरली नाही. कचेरीत त्याचे हात कापू लागले, नकाशावरची रेघ हलू लागली. एकदा त्यानं आपल्या मनानं खोलीत बसून सोडून पाहिली. दुसऱ्याच दिवशी फिट आली, जीभ चावली गेली, भिंतीवरून माणसं उतरताना दिसायला लागली. घरमालकानं कसंबसं दवाखान्यात पोचवलं. बरा झाला आणि पुन्हा पिऊ लागला.

तेव्हा कमल त्याला नांदेडच्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेली. मीही गेले. डॉक्टर वयस्कर, शांत. म्हणाले, "सगळ्यांनाच आत ठेवावं लागतं असं नाही. कितीतरी जण घरी राहून, गोळ्या घेऊन सोडतात. पण यांना सोडताना एकदा फिट आलेली आहे, पुन्हा आली तर घरी जीव जाईल. आधी दवाखान्यात सोडवू. मग पुण्याकडं एक केंद्र आहे, तिथं काही महिने राहू देत. लातुरात राहिले तर तीच कचेरी, तीच माणसं."

यशवंत खाली मान घालून ऐकत होता. बाहेर व्हरांड्यात आल्यावर माझा हात धरून म्हणाला, "आक्का, मला तिकडं टाकू नको. येड्यात काढतील मला. कचेरीत काय तोंड दाखवू? मी घरीच सोडतो. तुझ्या घरी ऱ्हातो, तू म्हणशील तसं."

"आक्का, त्यांचं ऐकू नका," कमल म्हणाली. "मला बी हेच बोलले होते."

मला तिचा राग आला. नवऱ्याला दूर लोटायला निघालेली बाई, असं वाटलं. मी म्हटलं, "तुला बोलला असंल. माझ्याशी खोटं बोलायचा न्हाई तो." यशवंत मान हलवत राहिला. "आयची आण, आक्का." आमची आई तेव्हा नुकतीच गेली होती. तिच्या नावानं तो खोटं बोलेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, पुन्हा एकदा धोका समजावून सांगितला. कमल भोकरच्या एसटीत बसली.

यशवंत माझ्या घरी आला. माझे यजमान नोकरीनिमित्त परगावी, घरात मी आणि माझी मुलगी. पहिला आठवडा मी जीव मुठीत धरून काढला. पण फिट नाही की घाम नाही. हात थोडे कापायचे तेही सकाळच्या वेळी, दुपारपर्यंत थांबायचे. जेवायचा, मुलीला गणितं शिकवायचा. आणि पाणी आणायचा. त्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याचे फार हाल होते. आमच्या गल्लीच्या टोकाला टँकर यायचा, त्याच्यासाठी पहाटेपासून घागरींची रांग लागायची. "तू शाळंत जा आक्का, पाण्याचं माझ्याकडं लागलं," म्हणून हा दोन घागरी उचलून निघायचा. रजेवर होता, त्यामुळं कितीही वेळ लागला तरी चालायचं. उन्हानं लालबुंद होऊन परत यायचा, तोंडात पान. मी शाळेत सगळ्यांना सांगायचे, भाऊ असावा तर असा. महिन्यानं डॉक्टरांना भेटायला गेले तेव्हा आनंदानं सांगितलं, "त्याला काहीच त्रास झाला नाही." त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. "काहीच नाही?" असं विचारून म्हणाले, "पुढच्या खेपेला त्यांनाच घेऊन या." मला वाटलं, आपण घरी करून दाखवलं म्हणून यांना बरं वाटलेलं नाही.

एक दिवस शाळा लवकर सुटली. उन्हातून येताना म्हटलं, भावाला जरा बसू द्यावं, नंबरला आपण थांबावं. टँकरजवळ गेले, तर आमच्या दोन्ही घागरी रांगेत आणि यशवंतचा पत्ता नाही. शेजारी सावलीत बसलेल्या बाईला विचारलं, "आमचा यशवंत कुठं गेला?"

ती सहज म्हणाली, "आसंल की रोजच्या ठिकाणी."

"रोजच्या?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिनं पदर तोंडाला लावला. रांगेतल्या बाकीच्या बायका घागरींकडं बघायला लागल्या. त्या सगळ्यांना माहीत होतं. त्याचा नंबर त्याच पुढं सरकवत होत्या. मागच्या बोळात दारूचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर माझा भाऊ बसला होता. मला बघून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "आक्का, आजच आलो होतो."

आजच... त्या एका शब्दानं मला जेवढं लागलं, तेवढं त्याच्या पिण्यानंही लागलं नाही. आईची आण घेतली तेव्हाही त्याला माहीत होतं. डॉक्टरांपुढं मी हसत बसले होते तेव्हाही माहीत होतं. ज्या हातांनी माझ्या घरात पाणी आणलं, त्या हातांचं कौतुक मी गावभर करत फिरले होते.

मी कमलला बोलावून घेतलं. ती आली, मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त म्हणाली, "आक्का, आता मधी पडू नका." नांदेडच्या दवाखान्यात दाखल केल्यावर तिथंही त्याला एकदा फिट आली, पण डॉक्टर जवळ होते, निभावलं. तिथून कमलनं त्याला पुण्याकडच्या केंद्रात नेलं. काही महिन्यांनी परत आला तो हाडकुळा, गप्प, पण शुद्धीतला. बदली मागून नांदेडला गेला. नंतर त्यानं कधी घेतली नाही. माझ्या मुलीच्या लग्नात सगळं काम अंगावर घेतलं. आजारपणात येऊन बसला. हवा-पाण्याचं, पोरांचं सगळं बोलायचा, त्या उन्हाळ्याचं सोडून. मी वाट पाहिली. माफी नको होती मला. "आक्का, तुला फसवलं," एवढं एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो उठून जाताना दारात जरा घुटमळायचा, मला वाटायचं आता बोलेल... चपला घालून निघून जायचा.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नांदेडच्या घरात एवढी माणसं आली की मांडव पुरेना. यांतले बरेच जण माझ्या ओळखीचे नव्हते. त्यांतला लातूरजवळच्या मुरुडचा एक गृहस्थ बोलायला उभा राहिला. "मला आत ठेवायचं का घरी, म्हणून माझे भाऊ भांडत होते," तो म्हणाला. "मग आम्ही यशवंतदादाकडं आलो. दादानं त्यांच्या बहिणीची गोष्ट सांगितली. घागरी रांगेत ठेवून कसे प्यायला जायचे ती. म्हणाले, माझी आक्का माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायची, म्हणून मला तिच्या घरी सोडता आली न्हाई. तुला बी घरी असं कुणी आसंल तर आधी भरती हो." मांडवात कितीतरी माना हलल्या. त्यांनी सगळ्यांनी ती गोष्ट ऐकलेली होती. माझीच गोष्ट, माझ्याच भावाच्या तोंडून, माझ्याशिवाय सगळ्यांनी. टँकरजवळच्या त्या बायकांमध्ये मला पुन्हा नेऊन उभं केल्यासारखं झालं.

लोक गेल्यावर मी कमलला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दारू सोडवायची म्हणून लोक यायचे, त्यांना रविवारी इथंच बसून सांगायचे," ती म्हणाली. "मी लई वेळा म्हणलं, एकदा आक्काला सांगा. तर म्हणायचे, परक्यापुढं तोंड उघडतं, तिच्यापुढं उघडत न्हाई."

मी कमलकडं आठवडाभर राहिले. रविवारी सकाळी एक बाई आली. यशवंत गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. ऐकून रडली, मग निघेना. तिचा मुलगा ट्रक चालवायचा. डॉक्टर भरती करा म्हणत होते, मुलगा नको म्हणत होता. कमल चहा करायला आत गेली होती, म्हणून मीच विचारलं, "घरी त्याच्याजवळ कोण असतं?"

"मीच की. माझा शब्द मोडत न्हाई तो."

"मग भरती करा," मी म्हटलं.

तिचा चेहरा बदलला. तुम्हाला माझ्या लेकराचं काय ठाऊक, असं काहीतरी पुटपुटली आणि चहा अर्धा ठेवून निघून गेली. मला वाईट वाटलं. कमल म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या खेपंला असंच जातात. हे त्यांच्या मागं जात नव्हते. त्यांची कपबशी उचलून स्वतः धुवायचे, मला हात लावू द्यायचे न्हाईत. मग सारा दिवस बोलायचे न्हाईत कुणाशी."

ती कपबशी उचलायला वाकली. मी तिला थांबवलं आणि कपबशी घेऊन मोरीत गेले.