मधून उघडणाऱ्या काठ्या

नोकरीतली बाकीची प्रकरणं कुणी विचारली तर मला आठवावी लागतात. हे एक आठवावं लागत नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही, ठाण्याचंही नाही. माझी शाळा सातवीपर्यंत. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो, ते कुणाच्या चिठ्ठीवर नाही. त्यामुळं लिहिणार ते सरळच.

निवृत्तीला सात-आठ महिने राहिले होते. निवडणुकीचा बंदोबस्त चालू होता आणि हत्यारांवर नजर ठेवा असा वरून आदेश होता. माझा एक जुना बातमीदार ट्रॉलीची फळी बदलायला विटा-कडेगाव रस्त्यावरच्या एका सुतार मिस्त्रीकडं गेला होता. तिथून त्याचा फोन आला.

“आबा, मिस्त्रीच्या छपराला काठ्या टांगल्यात. लय हायत. मधी फिरवली की उघडत्यात.”

“आत काय हाय?”

“ते न्हाई दिसलं. मी बघाय लागलो तसं त्यानं पटदिशी बंद केली.”

मधून उघडणारी काठी म्हटली की पोलिसाच्या डोक्यात एकच वस्तू येते. गुप्ती. वरून काठी, पोटात पातं. मी दोन पंच घेतले, दोन शिपाई घेतले आणि मंगळवारी सकाळी शेडवर गेलो. नव्या कायद्यानं झडतीचं चित्रीकरण करावं लागतं, म्हणून एका शिपायाच्या हातात मोबाईल दिला.

बातमी शंभर टक्के खरी होती. छपराच्या लोखंडी कांबीला दोऱ्यानं बांधून बावीस काठ्या उभ्या लोंबत होत्या. काही नुसत्या कातलेल्या, काही पॉलिश झालेल्या. पॉलिश केलेल्या मधून फिरवल्या की पितळी आट्यावर सुटून दोन तुकडे व्हायच्या. मिस्त्री पंचावन्नच्या घरातला, फौजेतून पेन्शन घेऊन आलेला. पळाला नाही, आवाज चढवला नाही. मी पंचनाम्यात ‘गुप्तीसारख्या दिसणाऱ्या बावीस काठ्या’ असं लिहून घेतलं आणि त्याच्यासकट सगळं ठाण्यात आणलं.

ठाण्यात आलेला माणूस काय मागतो यावरून मी निम्मा तपास करायचो. कुणी पाणी मागतो, कुणी फोन, कुणी एखाद्या पुढाऱ्याचं नाव घेतो. हा काहीच मागेना. शिपायानं काठ्या मुद्देमाल खोलीत भिंतीला टेकवल्या, तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं.

“साहेब, तशा टेकवू नका. वाकतील. टांगाय जागा असली तर बघा.”

“तुला इथं आणलंय कशाला, कळतंय का?”

“कळतंय की. पर त्यांना कशाला शिक्षा?”

मला राग आला, पण कुतूहलही वाटलं. समोर बसवलं आणि विचारत गेलो. तो म्हणाला, या पूलच्या काठ्या. हिरव्या कापडाच्या टेबलावर काठीनं गोळे मारून भोकात घालायचा खेळ असतो ना, त्याच्या. खेळणारे तिला क्यू म्हणतात. फौजेत तो सुतार होता. ऑफिसरांच्या मेसमधलं टेबल आणि क्यू वीस वर्षं त्याच्याकडं होते. मोडलेले दुरुस्त करता करता नवे करायला शिकला. आता सांगली, पुणे, बेळगावचे खेळणारे मापं देऊन करून घेतात.

“मापं? काठीला कसली मापं?”

“हाताची. खांद्यापासनं मनगटापतूर. उभं कसं ऱ्हातोय, पंजा केवढा, वाकतोय किती. शर्टाला घेत्यात तशीच.”

“आन् टांगतोस कशाला?”

“लाकूड कातलं की वळवळतं. जरासं कातायचं, महिनाभर टांगायचं. काय वळायचं ते वळू द्यायचं. मग परत जरासं. एका क्यूला वरीस जातं.”

“वरसात खुनातला आरोपी जामिनावर सुटून घरी येतोय, मिस्त्री.”

“येत आसंल. लाकूड न्हाई येत.”

ठाणे अंमलदार तोंड फिरवून हसला. मला ते खपलं नाही. सभा-मिरवणुकीला वापरतो तो मेटल डिटेक्टर मागवला आणि एकेक काठी तपासली. आट्यापाशी वाजला, ते ठीक. पण जाड टोकाकडं, मुठीतही वाजला. मी विचारलं, आत काय आहे? म्हणाला, वजनाचा लोखंडी तुकडा. ज्याला जसा तोल पाहिजे तसा आत बसवून वरून लाकडाचं बूच सरसानं बंद करतो.

“काढून दाखव.”

“निघत न्हाई. कापाय लागंल.”

“मग कापू.”

तो उठून काठ्यांकडं गेला आणि त्यातली एक शिसवाच्या मुठीची काठी बाजूला घेतली. म्हणाला, “ही सोडून कुठली बी कापा. हिला हात लावू नका.”

इथं मी चुकलो. नव्या पोरांना मी कायम शिकवायचो, झडतीत माणूस ज्या पेटीला हात लावू नका म्हणतो ती आधी फोडायची. आयुष्यभर मला त्याचा गुण आला होता. मी तीच काठी मागितली. त्यानं दिली नाही, दोन शिपायांनी काढून घेतली. पंच समोर, मोबाईल चालू. मिस्त्रीच्याच अवजारातली करवत घेतली आणि मूठ मधोमध कापली.

आत पातं नव्हतं. भरीव लाकूड होतं. काळ्या शिसवात पांढऱ्या लाकडाची चार टोकं अशी बसवलेली, की कापलेल्या तोंडावर चार पाकळ्यांचं फूल दिसत होतं. सांध्यात केस जाणार नाही. तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण एवढ्या माणसांसमोर थांबायचं कसं? खाली आणखी एक काप घातला. करवतीचे दात खटकन लोखंडाला लागले. दोन बोटं लांबीचा बोल्ट निघाला. बस्स, तेवढाच.

मिस्त्री बघत नव्हता. खिडकीकडं तोंड करून उभा होता.

पोलीस निरीक्षक साहेब दौऱ्यावरून आले, चित्रीकरण बघितलं. वयानं माझ्या मुलाएवढे. म्हणाले, “आबा, पहिल्या कापानंतर कळलं नव्हतं?”

“कळलं होतं, साहेब.”

“मग दुसरा कशाला?”

गुन्हा अजून दाखल झाला नव्हता, म्हणून साहेबांनी ताबेपावतीवर सगळा माल परत द्यायला सांगितलं. स्टेशन डायरीत संशय खोटा निघाल्याची नोंद मी माझ्या हातानं केली. मिस्त्रीनं काठ्या मोजून घेतल्या, सही केली आणि कापलेल्या काठीचे तुकडे, पुढच्या अर्ध्या भागासकट, माझ्या टेबलावर ठेवले.

“ही आष्ट्याच्या एका पोरीची. लहानपणी हात मोडून वाकडा जोडलाय, उजवा हात चार बोटं आखूड. बाजारची क्यू तिला जमत न्हाई. रविवारी सांगलीत निवड हाय, राज्याच्या संघाला दोघी घेणार. उद्या मी द्यायला जाणार हुतो.”

“मी फोन करतो तिला.”

“फोन न्हाई. कापली तुमी, सांगणार बी तुमी. समोर जाऊन.”

नोकरीत मला असं कुणी बोललं नव्हतं. रात्रभर मनाशी भांडलो. सकाळी साधे कपडे घातले, तुकडे पिशवीत घेतले आणि एस.टी.नं सांगलीला गेलो.

मिस्त्रीनं सांगितलेल्या क्लबात पोरगी सराव करत होती. बावीस-तेवीसची, बारीक, हाताची बाही मुद्दाम दुमडलेली. मी काय घडलं ते सांगितलं, काही झाकलं नाही. तिनं आधी तुकड्यांकडं बघितलंच नाही. विचारलं, “पुढचा भाग कापलाय का?”

“न्हाई. मूठच.”

तिनं पिशवीतून पुढचा भाग काढला, सरळ आहे का बघायला टेबलावर ठेवून बोटानं ढकलला. तो न थरथरता गडगडत गेला. तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला. मग मुठीचा कापलेला तुकडा उचलून त्या फुलावरून अंगठा फिरवला.

“काका, हे आतपतूर असं असतंय, मला म्हायतच नव्हतं.”

“मलाबी.”

“तुमी बघितलं तरी. मी आता रविवारी काय धरू?”

त्याच दुपारी तिला घेऊन मिस्त्रीकडं आलो. त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाची तयार मूठ तिच्या पुढच्या भागाला जोडली. आटे एकच, बसली. पण तोल तिचा नव्हता, दोन बोटं मागं जात होता. मुठीचं बूच कापून शनिवारपर्यंत मिस्त्री आतलं वजन कमी करत राहिला, ती मारून बघत राहिली. मी तिथं कशाला बसलो होतो, मला सांगता येणार नाही. दोघांनीही मला उठ म्हटलं नाही, चहा मात्र मला आणायला लावला.

रविवारी मी मागच्या खुर्चीवर बसून सगळे सामने बघितले. खेळ मला समजत नाही. पण ती मारायच्या आधी दरवेळी हात जरा मागं सरकवायची, ते दिसत होतं. ती तिसरी आली. घेतल्या दोघीच.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “पोरी, हे माझ्यामुळं झालं.”

ती क्यू पुसत होती. मान वर केली आणि म्हणाली, “काका, शेवटचा गोळा मी चुकवला. हरले ती मी. ह्याचा बी मान तुमी घेऊ नका.”

घरी येईपर्यंत मी त्या वाक्याशी भांडत होतो.

नंतर बातमीदाराला झापायला गेलो. तो म्हणाला, “आबा, तुमीच म्हणला हुता, उघडणारी काठी दिसली की कळवा. मी कळवलं.” तोही खोटा नव्हता. त्या प्रकरणात खोटं कुणीच बोललं नव्हतं, आणि सगळ्यात खरं बोलणाऱ्यावर मी करवत चालवली होती.

हात लावू नका असं माणूस दोन कारणांनी म्हणतो. त्याला काही लपवायचं असतं, नाहीतर काही जपायचं असतं. दोन्ही वेळी चेहरा तसाच होतो, आवाज तसाच खाली येतो. फरक ओळखायची खूण मला शेवटपर्यंत सापडली नाही. एवढंच कळलं, की फोडण्याआधी ‘हीच का नको?’ म्हणून एकदा विचारावं आणि तो सांगेल ते ऐकून घ्यावं. मी त्या दिवशी तेवढं विचारलं नाही.

शेकडो झडत्या घेतल्या मी. पेट्या फोडल्या, गाद्या उसवल्या, भिंती खणल्या. माल सापडला ती घरं मला एकेक करून सांगता येतात. सापडला नाही ती सांगता येत नाहीत. काम झालं की त्या दारात मी परत कधी गेलोच नाही.