काकांच्या बादलीतले दोन जास्तीचे मासे

दोन हजार सहाचा हिवाळा मी धाकट्या बहिणीकडे, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत काढला. तहसील कचेरीच्या आवारात बावीस वर्षे अर्ज लिहिलेल्या माणसाला तिथे कोणी काही विचारत नसे. बहिणीच्या सासऱ्यांनाही, ज्यांना मी काका म्हणे, कोणी विचारत नव्हते; मात्र त्यांच्याकडे घरामागचे गोठलेले तळे होते. भंडाऱ्याच्या तलावांवर आयुष्य गेलेला हा म्हातारा रोज सकाळी बर्फाला भोक पाडून त्यात आखूड गळ सोडी. इंग्रजी येत नव्हते, गाडी येत नव्हती. त्या भोकाखेरीज अमेरिकेत त्यांचे स्वतःचे असे काही नव्हते. नॉर्दर्न नावाचा लांब तोंडाचा मासा वर आला की लाकडाच्या एका टोल्यात ते त्याला संपवत. "तडफडू देऊ नये बाप्पा," म्हणत.

एके सकाळी मासेमारी खात्याच्या अधिकाऱ्याने त्यांची बादली तपासली. मर्यादेपेक्षा दोन नॉर्दर्न जास्त निघाले. त्याने दंडाची चिठ्ठी दिली.

"छोटासा फाइन आहे दादा," बहिणीचे यजमान, आमचे जावईबापू, मला म्हणाले. "आज पे करतो, फिनिश."

"दंड भरला तरी नावावर डाग राहतो," मी म्हणालो. "दयेचा अर्ज करू."

दयेचा अर्ज जितका लीन, तितका अधिकारी विरघळतो, हा माझा अनुभव होता. मी काकांना स्वयंपाकघरात समोर बसवले.

"याआधी कधी जास्त धरले?"

"धरले असन दोन-चारदा."

"दोन-चारदा की रोज?"

ते नखात अडकलेला खवला काढू लागले.

"काका, लपवाल तर मुलाची नोकरी जाईल."

हे खरे नव्हते आणि मला ते ठाऊक होते. त्यांचा चेहरा उतरलेला पाहून मला बरे वाटले. कित्येक महिन्यांनी मला कोणी घाबरले होते. मग त्यांनी सगळेच सांगितले: गॅरेजमधला भरलेला फ्रीझर, शेजाऱ्यांना वाटलेले मासे, सगळे.

मी चार पाने लिहिली. जावईबापूंनी ती वाचली.

"हे सगळं? फ्रीझरसकट?"

"फ्रीझरसकट."

ज्या दारातून रोज माशांचा वास घरात येई, त्या गॅरेजच्या दाराकडे त्यांनी एकदा पाहिले. मग लॅपटॉप उघडून एकही शब्द न गाळता इंग्रजी केले.

"वाचून दाखवा ना वकीलसाहेब," काका म्हणाले; अर्ज लिहिणाऱ्याला ते वकीलच समजत. मी मराठी प्रत वाचली. 'मुलावर भार असलेला अज्ञानी अर्जदार' या शब्दांशी त्यांनी मुलाकडे पाहिले. मुलगा स्क्रीनकडे पाहत होता. काकांनी सही केली.

पंधरा दिवसांनी दोन अधिकारी आले. त्यांनी फ्रीझर रिकामा केला, गळ नेला आणि काकांचा मासेमारीचा परवाना तीन वर्षांसाठी रद्द झाल्याचा कागद ठेवला. काकांचे वय चौऱ्याहत्तर होते.

"चला, गॅरेज तरी साफ झालं," जावईबापू म्हणाले.

त्यानंतर काका सकाळी खिडकीशी बसत. भोकावर बर्फ धरला, पुढे ते कुठे होते हेही ओळखू येईना. मी परत निघालो त्या दिवशी त्यांनी माझी बाही धरली.

"वकीलसाहेब, अजून एक अर्ज लिवता का माह्यासाठी?"

"आता काय लिहिणार काका," मी म्हणालो. "तुम्ही सगळं कबूल केलं आहे."