मचाणावरचे दिनकरराव

दिनकररावांना मी पहिल्यांदा पाहिले ते खालून. धाडच्या रस्त्यावर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये टीव्ही मालिकेचे चित्रीकरण होते आणि मी वायरिंगच्या कामाला गेलो होतो. लोखंडी मचाणावर पालथे पडून ते प्रोजेक्टर सरकवत होते. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर तुरीचे शेत वाऱ्याने हलत होते. लोक शेत पाहत होते. मी त्यांचे लोंबते पाय पाहत होतो. ते पडतील ही धास्ती अजून गेलेली नाही.

मालिकेतली नदी, शिवार, आभाळ ते भिंतीवर आणतात. त्यासाठी आधी आपल्याच भागात कॅमेरा लावून बसतात. दुपारच्या प्रसंगामागे सकाळचे ऊन त्यांना खपत नाही. यंत्र सुरू करण्याआधी ते रोज भिंतीला हात जोडतात.

एकदा पुराचे दृश्य होते. देऊळघाटचे किसनभाऊ बैलगाडी घेऊन आले होते. गाडीत वयस्कर अभिनेत्री सुमनताई बसल्या होत्या. शेडमध्ये उजेड काय तो भिंतीवरच्या चित्राचा. नाल्याचे गढूळ पाणी चढू लागले तसे बैल बुजले. मागे सरत सरत गाडी थेट मचाणाकडे आली. वर दिनकरराव होते.

"साहेब, बंद करा ते. बैल खरं समजून राह्यले," किसनभाऊ ओरडले.

"अंधार झाला तर उधळतील. कासरा धरून ठेवा," वरून आवाज आला.

चाक मचाणाला लागले. मचाण हलले. मी मचाणाच्या खांबाला मिठी मारून देवाचे नाव घेत होतो. दिनकररावांनी पाणी जागीच थांबवले आणि हळूहळू त्या जागी तुरीचे शेत आणले. बैल उभे राहिले. मी सुमनताईंना हात धरून उतरवले.

दुसऱ्या दिवशी ते ढेपेचे, म्हणजे सरकीच्या पेंडीचे, पोते घेऊन देऊळघाटला गेले. "जनावराला आधी भिंत दाखवायला पाहिजे होती. चूक माझी," ते म्हणाले.

"मले काय सांगता? बैलायले सांगा," किसनभाऊ म्हणाले.

दिनकररावांनी दोन्ही बैलांना आपल्या हाताने ढेप चारली. तेव्हापासून सेटवर जनावर आले की त्याला आधी भिंतीपाशी फिरवून आणतात.

आज ते पंचाहत्तरीत आहेत. हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी मचाणावर चढायला सक्त मनाई केली आहे. तरी परवा मी चहा घेऊन आलो तर मचाणाखाली ठेवलेली त्यांची खुर्ची रिकामी, आणि ते वर.

"काका, खाली या."

"चित्र बोटभर तिरपं होतं."

"मले सांगाचं होतं ना."

"तुले दिसलं काऊन नाही, बापू?"

मी चहा खाली ठेवला. ते उतरेपर्यंत मी खांब धरून उभा राहिलो.

म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवाच्या दिवशी देवाकडे दोन गोष्टी मागतो. दिनकररावांना शंभरी लाभो, ती त्या खुर्चीत बसून आम्हाला रागावण्यात जावो. आणि तिरपे झालेले चित्र त्यांच्या आधी मला दिसो. तोवर खांब मी सोडणार नाही.